पैशाचे वर्ष आणि माणसांचे वर्ष

दिवाळी झाली की मुळशी तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवरची घरे एकेक करून बंद होऊ लागतात. दाराच्या कडीला तार गुंडाळलेली, चुलीवर पातेले पालथे घातलेले आणि अंगणात मागे राहिलेली एखादी म्हातारी. बाकीचे घर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेले असते आणि ते पावसाच्या तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीस परत येते. शाळेच्या पटावर मुलांची नावे राहतात, मुले राहत नाहीत. मी ज्या संस्थेचे हिशेब एकवीस वर्षे लिहिले, ती संस्था या वाड्यांवर मुलांचे शिक्षण आणि मोठ्यांची कागदपत्रे, म्हणजे जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, अशी दोन कामे करते. या कामाचा हंगाम जून ते ऑक्टोबर एवढाच असतो, कारण त्या पाच महिन्यांतच माणसे घरी असतात.

आमच्या निधीचा हंगाम वेगळा होता. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होई, कराराचा मसुदा मेमध्ये देणगीदार प्रतिष्ठानाच्या विधी विभागाकडे जाई, जूनमध्ये तिथला अधिकारी बदले, ऑगस्टमध्ये सही होई आणि पहिला हप्ता सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात जमा होई. दुसरा हप्ता हवा असेल तर पहिल्या हप्त्यातली पंचाहत्तर टक्के रक्कम खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र डिसेंबरअखेर द्यावे लागे. म्हणजे वाडी भरलेली असताना आमचे खाते रिकामे असे आणि खात्यात पैसे आले की वाडी रिकामी होऊ लागे.

वीटभट्टीचा मालक उचल श्रावणात देतो, घरातले धान्य संपलेले असते तेव्हा. ती उचल कुटुंबाला पुढच्या सहा महिन्यांसाठी बांधून टाकते, आणि तिच्यातून सुटण्याची वाट शोधणे हे आमच्या कामाचे एक अंगच आहे. परंतु माणसाला पैसा नेमका केव्हा लागतो हे त्या मालकाला कळते आणि त्याच माणसाच्या भल्यासाठी काढलेल्या निधीला कळत नाही, ही गोष्ट मला वहीसमोर बसून अनेक वर्षे बोचत आली आहे.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. २००३ साली नवी पेठेतल्या एका लहान संस्थेत अर्धवेळ हिशेबनीस म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कौटुंबिक धर्मादाय न्यासाने मला आपल्या निवड समितीवर बोलावले. न्यास लहान आहे, वर्षाला साधारण चाळीस लाख रुपये वाटतो. त्यामुळे हात पसरणाऱ्यांच्या रांगेत एकवीस वर्षे उभी राहिलेली मी आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते, आणि दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे. निधी देणाऱ्यांनी उपक्रम विकत घेणे थांबवावे. उपक्रम करणारी संस्था, तिच्यातली माणसे आणि त्या माणसांचा लोकांशी जुळलेला संबंध टिकेल अशा रीतीने, आणि लोकांच्या वेळेवर, पैसा द्यावा.

पुण्यात पैसा नाही, असे कोणी म्हणणार नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य किमान ५०० कोटी रुपये, उलाढाल किमान १,००० कोटी किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. राज्यांमध्ये या निधीतला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो, आणि चाकण, रांजणगाव, पिरंगुट, हिंजवडी असा उद्योगांचा वेढा असल्यामुळे पुणे जिल्ह्याकडे तो भरपूर येतो. कायदा कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की कारखान्याच्या फाटकापासून गाडीने अर्ध्या तासात पोहोचता येईल अशा गावात तिसरी संगणक खोली उभी राहते, आणि त्याच जिल्ह्यात पानशेतच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपतो तिथल्या पाड्यावर कोणी जात नाही. नंदुरबार आणि गडचिरोली तर फार दूर राहिले.

या निधीबद्दल सर्वांत जास्त नुकसान ज्या एका गैरसमजाने केले, त्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तो हिशेबाचा आहे. २०२१ च्या जानेवारीत सुधारलेल्या नियमांत असे म्हटले आहे की कंपनीचा प्रशासकीय खर्च तिच्या एकूण सामाजिक खर्चाच्या ५ टक्क्यांहून अधिक असू नये. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सामाजिक दायित्व विभागाच्या सामान्य कारभारावर आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर ती नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात ते स्पष्टही केले. तरीही मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक अंदाजपत्रकात ‘प्रशासकीय खर्च, कमाल ५ टक्के’ ही ओळ संस्थेच्या माथी मारलेली असे. मी एकदा एका प्रतिष्ठानाच्या अधिकाऱ्यांना नियमाची छापील प्रत दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, माझे म्हणणे बरोबर असल्याचे मान्य केले आणि म्हणाले, “पण ताई, आमचा फॉरमॅट हेड ऑफिसमधून येतो.”

त्या ५ टक्क्यांत काय बसवायचे असते ते पाहा. कार्यालयाचे भाडे, वीजबिल, लेखापरीक्षकांची फी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात भरायची हिशेबपत्रके आणि बदल अर्जांची धावपळ, आयकर विभागाची नोंदणी जी आता ठरावीक वर्षांनी नव्याने करावी लागते, माझा पगार, संचालकांचा पगार, आणि पुढच्या वर्षीचा निधी मिळवण्यासाठी प्रस्ताव लिहिण्यात गेलेले महिने. हे बसत नाही. मग लेखनिकाचा निम्मा पगार ‘क्षेत्र समन्वयक’ या नावाने दाखवला जातो, भाडे ‘प्रशिक्षण केंद्रा’त जाते, आणि प्रत्येक प्रामाणिक हिशेबनीस दर मार्चमध्ये काही व्हाउचरांवर असे नाव लिहितो जे खोटे नसते पण खरेही नसते. पैसा योग्य कामावरच गेलेला असतो, चोरी कोणी केलेली नसते, आणि तरीही ती सही करताना माझा हात जड होत असे. लबाडी टाळण्यासाठी म्हणून घातलेल्या अटी सरळ माणसांना आडवळणाने चालायला शिकवतात, हे निधी देणाऱ्यांपर्यंत कधी पोहोचत नाही, कारण ते त्यांना सांगण्याची कोणाची हिंमत होत नाही.

परदेशी निधीची वाट आणखी अरुंद झाली आहे. परकीय योगदान (नियमन) कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला हा निधी देण्यावर पूर्ण बंदी घातली. पूर्वी शहरातली मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला भाग गावातल्या लहान मंडळांना देत असे, हिशेबाची जबाबदारी स्वतः उचलत असे. ती साखळी तुटली. त्या लहान मंडळांची जागा भरून काढणे आता स्थानिक न्यासांच्याच हातात आहे.

आता एका माणसाबद्दल लिहिते.

पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत आमची अभ्यासिका होती. पत्र्याची खोली, दोन ट्यूबलाइट, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या, संध्याकाळी पाच ते आठ. ती चालवणारी ताई त्याच वस्तीतली. चौदा वर्षे तिने ते काम केले. कोणत्या मुलीचे स्थळ पाहायला सुरुवात झाली आहे, कोणाचा बाप पुन्हा प्यायला लागला आहे, कोणता मुलगा दोन दिवस आला नाही म्हणजे तो मंडईत हमालीला गेला असणार, हे तिला कोणी न सांगता कळे. तिचे मानधन मात्र नेहमी कुठल्यातरी प्रकल्पातून येई, आणि प्रकल्प बारा महिन्यांचा असे. जुना करार ३१ मार्चला संपायचा आणि नवा ऑगस्टमध्ये व्हायचा. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत ती अभ्यासिका उघडत असे, आम्ही मुदत ठेव मोडून जमेल तेवढे देत असू, आणि उरलेले ‘पैसे आले की देऊ’ असे म्हणून वहीत उधार मांडून ठेवत असू. ते पैसे नंतर देता येत नसत, कारण नव्या कराराआधीचा खर्च नव्या निधीत दाखवता येत नाही.

चौदाव्या वर्षी तिच्या मुलाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला आणि ती हिंजवडीतल्या एका इमारतीत साफसफाईच्या कामावर गेली. दर महिन्याच्या सात तारखेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ये-जा करायला गाडी. निरोप घ्यायला आली तेव्हा तिने अभ्यासिकेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि किल्लीला बांधलेली लाल लोकर सोडवून घेतली, कारण ती तिच्या मुलीच्या स्वेटरची होती. चौदा वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी, म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, तिला देण्याइतका पैसा आमच्या कोणत्याही खात्यात नव्हता. चौदा वर्षांत एकाही देणगीदाराने अंदाजपत्रकात ग्रॅच्युइटीची ओळ राहू दिली नव्हती. संस्थेच्या दोन विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून रक्कम घातली, तेव्हा ती देता आली. त्याच महिन्यात एका प्रतिष्ठानाचा प्रस्तावाचा नमुना आला होता आणि त्यातला पहिला प्रश्न होता की आपल्या उपक्रमात नावीन्य काय आहे.

वस्तीतल्या कामात जे मौल्यवान असते ते बहुधा जुने असते. चौदा वर्षांची ओळख ही गोष्ट कोणत्याही नमुन्याच्या रकान्यात बसत नाही, आणि ती गेली की परत विकत घेता येत नाही. म्हणून माणसांचे पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, आजारपणाची रजा हा खर्च मूळ कामाचा खर्च आहे, असे निधी देणाऱ्याने स्वतः पुढे होऊन म्हणायला हवे. संस्था ते मागणार नाही. मागितले तर पुढच्या वर्षी दुसरी, स्वस्तात काम करणारी संस्था शोधली जाईल ही भीती तिच्या हाडीमाशी मुरलेली असते.

कायद्याची अडचण सांगणारे मला अनेक भेटतात. त्यांना मी नम्रपणे सांगते की कायदा एवढा आखूड नाही. कंपन्यांच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ ही तरतूद आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढे आणखी तीन वर्षे तो चालवता येतो, आणि अशा प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. म्हणजे जवळजवळ चार वर्षांचा करार करायला कोणी हात धरलेला नाही. मग मार्चअखेरची ती घाई कशासाठी? एका वर्षी २८ मार्चला आमच्याकडे चारशे दप्तरे आली. वार्षिक परीक्षा तोंडावर होत्या. दप्तरांवर कंपनीचे बोधचिन्ह मोठे होते, फोटो काढणारा सोबत आला होता, आणि मुलांनी ती दप्तरे जूनपर्यंत घरातल्या पत्र्याला टांगून ठेवली; उंदरांनी निम्म्यांचे पट्टे कुरतडले. हीच दप्तरे अकरा आठवड्यांनी आली असती तर त्यांचा उपयोग झाला असता.

एक गोष्ट मात्र कंपन्यांना खरोखरच करता येत नाही, आणि तीच कौटुंबिक न्यासांनी व सधन व्यक्तींनी करावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. २०२१ च्या सुधारणेनंतर संस्थेच्या कायम निधीला दिलेली रक्कम कंपनीच्या सामाजिक खर्चात धरली जात नाही. कायम निधी नसलेली संस्था म्हणजे घरात डब्यात शिल्लक नसलेले कुटुंब. एक हप्ता उशिरा आला की पगार थांबतात. न्यासाने किंवा व्यक्तीने ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे लेखी कळवून दिली, तर ती आयकर कायद्याप्रमाणे तशी ठेवता येते. सहा महिन्यांच्या पगाराएवढा कायम निधी असता तर आमची ती ताई बहुधा गेली नसती.

पुण्याला हे शिकवायची खरे म्हणजे गरज नव्हती. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने उभा राहिलेला पैसा फंड ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आठवेल की माणशी एकेक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी आली. ती देणगी सर्वांच्या लक्षात राहिली, कारण तिने विद्यापीठाला नाव दिले. त्याआधीची चोवीस वर्षे दारोदारच्या लहान लहान वर्गण्यांनी काढली, हे तितके लक्षात राहिले नाही. कर्व्यांच्या त्या आश्रमातून वाढलेल्या संस्थेच्या भाऊबीज निधीची पावतीपुस्तके घेऊन दिवाळीत घरोघरी फिरणाऱ्या बायका पुण्यातल्या अनेक घरांना परिचित आहेत. लहानपणी आमच्याकडेही यायच्या आणि आई देव्हाऱ्याखालच्या डबीतून पाच रुपये काढून द्यायची. त्या पाच रुपयांतून वसतिगृहाच्या मुलींना गहू घेतले की खिडकीची काच बसवली, असे आईने कधी विचारले नाही. ओवाळणीच्या ताटात टाकलेल्या पैशाबद्दल भाऊ असे विचारत नाही.

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे हिशेब नको असे मी कधीच म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाचा पैन्पैचा हिशेब लेखापरीक्षकाच्या सहीनिशी प्रसिद्ध झालाच पाहिजे. परंतु पैसा कुठे गेला हे सांगणे आणि पैसा कुठे जावा हे शंभर किलोमीटरवरून आधीच ठरवून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुसरीलाच काटेकोरपणा म्हटले जाते.

वर्षे लागणारी कामे असतात. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली २००८ मध्ये. मधली पंधरा वर्षे ओळखपत्रे, विमा, मुलांच्या शाळा, बैठका, मोर्चे आणि पुन्हा बैठका यांत गेली. कोणी १९९६ मध्ये बारा महिन्यांच्या कराराखाली ‘फलनिष्पत्ती’ मोजायला बसला असता, तर त्याला काय दिसले असते? आज सोसायटीच्या दारात सकाळी बादली रिकामी करून घेणारी आणि त्याबद्दल दरमहा घरटी शुल्क घेणारी ती बाई त्याच्या कोष्टकात कुठेच नसती.

बाहेरच्या जगातही हे काही प्रमाणात कळू लागले आहे. फोर्ड फाउंडेशनने २०१६ मध्ये ‘बिल्ड’ या नावाने पाच वर्षांचा, संस्था बळकट करण्यासाठीचा मोकळा निधी द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या धनाढ्य देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून अब्जावधी डॉलर कोणत्याही अटीशिवाय संस्थांना दिले. करोनाच्या पहिल्या लाटेत अमेरिकेतल्या शेकडो प्रतिष्ठानांनी अटी सैल करण्याचे जाहीर केले. आपल्याकडेही त्या वर्षी एका देणगीदाराचा दोन ओळींचा ईमेल आम्हाला आला होता: रक्कम जिथे गरज असेल तिथे वापरावी, हिशेब नंतर पाठवावा. त्या महिन्यांत आम्ही वस्तीत शिधा दिला, भट्टीवर अडकलेल्या कुटुंबांना गाडी करून घरी आणले, आणि एका बाळंतिणीच्या औषधांचे बिल भरले. माझ्या एकवीस वर्षांतली सर्वांत खरी व्हाउचरे त्या वर्षाची आहेत. २०२२ मध्ये जुना नमुना परत आला.

खरे सांगण्याला शिक्षा होऊ नये, ही माझी आणखी एक मागणी आहे. एका वर्षी आम्ही अहवालात प्रामाणिकपणे लिहिले की साठ मुलांपैकी एकतीस दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर गेली आणि त्यांचे शिक्षण तुटले. त्यांच्यासाठी भट्टीवरच वर्ग चालवावा लागेल, त्याला परवानगी द्यावी. उत्तर आले की उद्दिष्ट पूर्ण न झाल्यामुळे पुढचा हप्ता निम्मा करण्यात येत आहे. पुढच्या वर्षी आमच्या समन्वयकाने अहवालात ‘नोंदणी झालेली मुले’ हा शब्द वापरला. तो खरा होता. साठही मुलांची नोंदणी झाली होती. अशा रीतीने त्या प्रतिष्ठानाकडे गेलेल्या आकड्यांतून भट्टीवरची एकतीस मुले नाहीशी झाली, आणि ती नाहीशी करण्यात आम्हीही सामील होतो.

भाषेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाडीवर काम करणारी कार्यकर्ती मराठीत विचार करते, कातकरी बोली समजते, आणि तिची टिपणवही उघडली तर एकेका पानावर एकेका घराची गोष्ट असते. प्रस्ताव आणि अहवाल मात्र इंग्रजीत मागितले जातात. म्हणून बाणेरमधल्या एखाद्या सल्लागाराला पैसे देऊन ते लिहून घ्यावे लागतात, आणि ज्या संस्थेला असा सल्लागार परवडतो तिलाच निधी मिळतो. न्यासाच्या समितीवर आल्यावर मी पहिला आग्रह धरला तो मराठी अर्जाचा. आता आमचा अर्ज दोन पानांचा आहे. संस्थेने दुसऱ्या कोणासाठी मराठीत किंवा हिंदीत अहवाल केला असेल तर तोच आम्ही स्वीकारतो, वेगळा मागत नाही. हाताने लिहिलेला अर्जही चालतो, आणि गेल्या वर्षी वेल्ह्याच्या बाजूने आलेल्या हस्तलिखित अर्जात पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा जो तपशील होता, त्याच्याइतका चोख तपशील मी छापील प्रस्तावात फार थोड्या वेळा पाहिला आहे.

न्यासात बाकीचे बदल हळूहळू झाले आणि सगळे सहज झाले नाहीत. विश्वस्तांपैकी एक ज्येष्ठ काका, ज्यांनी आयुष्यभर सचोटीने व्यापार केला, त्यांना मोकळा निधी देणे पटत नव्हते. “उद्या कोणी गैरवापर केला तर मी माझ्या वडिलांच्या फोटोसमोर काय सांगू?” असे ते म्हणाले, आणि तो प्रश्न खरा होता. त्यांना मी वाडीवर घेऊन गेले. तिथे भाषण झाले नाही. त्यांनी कार्यकर्तीची वही मागितली, अर्धा तास वाचली, आणि परतताना गाडीत विचारले की हिला महिन्याला किती मिळतात. मी आकडा सांगितला. पौडपर्यंत ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर आम्ही तीन वर्षांचा करार करू लागलो. पूर्ण वर्षाची रक्कम जूनच्या पहिल्या आठवड्यात एकरकमी देतो. नकार द्यायचा असेल तर तीन आठवड्यांत, कारणासह आणि फोन करून देतो, कारण उत्तराची वाट पाहण्यात गेलेले सहा महिने काय असतात ते मला माहीत आहे. आणि निधी थांबवायचा झाला तर एक वर्ष आधी सांगायचे, शेवटच्या वर्षी अर्धी रक्कम द्यायची आणि दुसऱ्या दोन देणगीदारांशी गाठ घालून द्यायची, असे ठरले आहे. ‘आमचे प्राधान्यक्षेत्र बदलले’ हे तीन शब्दांचे पत्र मी स्वतः तीनदा उघडले आहे. तसे पत्र आमच्या पत्त्यावरून कोणाला जाऊ नये.

एक गोष्ट अजून राहिली होती. ज्यांच्यासाठी पैसा दिला जातो ती माणसे या सगळ्या चर्चेत कुठेच नव्हती. समितीत आम्ही सातजण, सातही जण कोथरूड आणि डेक्कनच्या मधले. गेल्या ऑक्टोबरमध्ये, वाडीवरची माणसे निघण्याआधी, दोन कातकरी बायकांना आणि पर्वतीच्या वस्तीतल्या एका आईला समितीवर येण्याची विनंती केली. कातकरी बायकांपैकी एकीने पहिल्याच बैठकीत एक प्रस्ताव बाजूला ठेवायला सांगितला. तो शिलाई यंत्रांचा होता. तिच्या वाडीवर आधीच्या कुठल्या तरी योजनेतली चार यंत्रे समाजमंदिरात पडून आहेत, कारण शिवून घेणारे कोणी नाही आणि वीज दुपारी जाते. त्याऐवजी जातीच्या दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात चकरा मारणाऱ्यांचे गाडीभाडे द्या, असे ती म्हणाली. आम्ही सातजण तो प्रस्ताव मंजूर करायच्या बेतात होतो.

पुढची बैठक जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे, माणसे भट्टीवरून परतल्यानंतरची. पहिल्या बैठकीला तिघींना एसटीचे भाडे दिले होते, पण वस्तीतल्या आईने जाताना सांगितले की आजचे धुण्याभांड्याचे खाडे झाले, दोन घरांनी पैसे कापले. म्हणून न्यासाच्या खातेवहीत मी या वर्षी एक नवे खाते उघडले आहे आणि त्याला ‘समिती सदस्यांची बुडालेली मजुरी’ असे नाव दिले आहे. लेखापरीक्षकांनी विचारले की हे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे. मी त्यांना सांगितले की हेच शीर्ष आहे.